हात कुठे विसावतो

कऱ्हाडात एक काटेवाले मामा होते. सराफांचे नाजूक काटे, भुसार दुकानांतले तराजू, गुळाच्या अडतीवरचे मोठाले वजनकाटे, असं सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. दुरुस्तीचा रीतसर परवाना होता. त्यांनी दुरुस्त केलेला काटा वैधमापन खात्याकडे शिक्क्याला गेला आणि नाकारून परत आला, असं क्वचितच घडायचं. मामी गावातल्याच एका विशेष मुलांच्या शाळेत शिकवत. आणि ज्याची ही गोष्ट, तो त्यांचा भाचा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता.

मामींच्या वर्गात बारा वर्षांची एक मुलगी होती. तिला सेरेब्रल पाल्सी होती. मेंदूच्या ज्या भागातून स्नायूंना हुकूम सुटतात त्याला जन्माच्या सुमारास इजा झालेली. बुद्धी मात्र शाबूत. ती भराभर वाचायची, पाढे तोंडपाठ होते, तोंडी हिशेबात तिच्या बरोबरीचं वर्गात कुणी नव्हतं. बोलताना एकेक शब्द ओढून काढावा लागायचा आणि नवख्या माणसाला तो कळायचा नाही. पेन बोटांत टिकायचं नाही. कॉम्प्युटरसमोर बसवावं, तर हाताला अचानक झटका येई आणि माउस टेबलाखाली लोंबकळे. जे तिच्या डोक्यात होतं ते कागदावर किंवा पडद्यावर उतरायला वाटच नव्हती.

एका पालकांनी शाळेला विमानाच्या खेळाची जुनी जॉयस्टिक दिली. मुठीत धरायची काठी असल्यामुळे पकड सुटत नाही, आणि तळ जड असल्यामुळे ती झटक्याने सरकत नाही. मामींना वाटलं, माउसऐवजी ही चालेल. शाळेच्या कॉम्प्युटरवर डेबियन लिनक्स होतं, कारण कॉम्प्युटर जुना होता आणि विकतच्या ऑपरेटिंग सिस्टिमला पैसे नव्हते. परीक्षा आटोपून भाचा कऱ्हाडला आला तेव्हा मामींनी त्याला धरलं.

"तुला लिनक्स येतं ना? मग एवढी काठी चालू करून दे आमची."

त्याला येत होतं. खरोखरच चांगलं येत होतं. पुढे जे घडलं ते काही त्याला कमी येत होतं म्हणून घडलं नाही.

काठी लावताक्षणी लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, ती ओळखली. लिनक्समध्ये जॉयस्टिक दोन वाटांनी दिसते. एक जुनी वाट, 'जेएस०' नावाच्या फाईलची. तिथे प्रत्येक हालचालीमागे आठ बाइट येतात: वेळ, किंमत, प्रकार, आणि कुठला अक्ष किंवा कुठलं बटण त्याचा क्रमांक. दुसरी 'इव्हेंट' फाईलची वाट, जिथे कीबोर्ड, माउस, टचपॅड आणि जॉयस्टिक सगळ्यांच्या बातम्या एकाच साच्यात येतात. यातलं बरंचसं पायाभूत काम व्होयटेख पाव्लिक या चेक प्रोग्रॅमरने १९९६पासून पुढे केलं. तेव्हा जॉयस्टिक साउंड कार्डावरच्या पंधरा पिनांच्या पोर्टला लागत असे आणि तिची जागा मोजण्याची पद्धत १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली होती. काठीला जोडलेल्या पोटेन्शिओमीटरमधून एक कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. काठी हलली की रोध बदलतो, रोध बदलला की वेळ बदलतो, आणि त्या वेळेचा आकडा म्हणजे काठीची जागा. यूएसबीच्या काठीत हे मोजमाप तिच्या पोटातली चिपच करते आणि तयार आकडा पाठवते. या काठीचा आकडा दोन्ही अक्षांवर ० ते २५५ असा होता.

रात्री जेवताना भाच्याने हे सांगितलं तेव्हा मामांना फार आवडलं. "म्हणजे हा पण काटाच की," ते म्हणाले.

भाच्याने जॉयस्टिकच्या हत्यारांचं पॅकेज बसवलं. जेएसटेस्ट चालवून अक्ष आणि बटणं पाहिली. मग जेएसकॅल. हा प्रोग्रॅम काठीचं माप जुळवून देतो. तो आधी सांगतो की थांबा, काठीला हात लावू नका. मग प्रत्येक अक्ष एका टोकाला न्यायला, मध्ये आणायला, दुसऱ्या टोकाला न्यायला सांगतो. भाच्याने सांगितलं तसं केलं. आता काठी सोडली की आकडा शून्य, आणि टोकांना उणे ३२७६७ आणि अधिक ३२७६७. अगदी नेमकं. मग त्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. 'इव्हेंट' फाईलमधून काठीचा आकडा वाचायचा आणि 'युइनपुट'मार्फत एक आभासी माउस तयार करून त्यावरून कर्सर हलवायचा. काठी जितकी कलवावी तितका कर्सर वेगाने जाणार. 'युइनपुट' सहसा फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला, उघडतं, म्हणून यूडेव्हचा, म्हणजे उपकरणांच्या फाईली सांभाळणाऱ्या भागाचा, नियम लिहून परवानगी दिली. दुसरं काही जोडलं की काठीचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून प्रोग्रॅमला क्रमांकाऐवजी काठीच्या नावावरून फाईल शोधायला लावलं. असल्या बारीक गोष्टी तो विसरला नाही. कर्सरने पडद्यावर गोल काढून दाखवला. मामींनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी बसली. तिच्या मुठीत काठी दिली आणि कर्सर सरळ डावीकडे वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिने जोर लावला, मान वळली, खांदा उचलला गेला, चेहरा लाल झाला. कर्सर कोपऱ्यातच.

"सरळ धर. मधे आण," भाचा म्हणाला. आवाजात राग नव्हता.

तिने प्रयत्न केला. काठी क्षणभर मध्यापलीकडे गेली, कर्सर जरा सरकला. मग हात परत गेला आणि कर्सरही.

भाच्याला आधी शंका आली ती जेएसकॅलची, आणि ती बरोबर होती. जेएसकॅलची जुळवणी फक्त 'जेएस' वाटेला लागू होते. 'इव्हेंट'च्या वाटेने येणारे आकडे कच्चेच राहतात. त्याचा प्रोग्रॅम त्या दुसऱ्या वाटेवर होता, म्हणजे कालची सगळी जुळवणी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. लिनक्सवर जॉयस्टिक लावणारे पुष्कळ जण इथे अडखळतात: तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये सगळं सुरळीत आणि खऱ्या वापरात नाही. त्याने इव्हटेस्ट चालवून कच्चे आकडे पाहिले. दोन्ही अक्षांसमोर लिहिलं होतं: किमान ०, कमाल २५५, फझ ०, फ्लॅट १५.

फ्लॅट म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंचा तो पट्टा, ज्यातली हालचाल हालचाल म्हणून धरायची नाही. हा १५चा आकडा कुठून आला? काठीने तर तो सांगितला नव्हता. भाच्याने कर्नलचा उगमसंकेत उघडला. यूएसबी काठ्या ओळखणाऱ्या भागात एक ओळ सापडली: काठी किंवा गेमपॅड असेल, तर पूर्ण पल्ल्याचा सोळावा हिस्सा फ्लॅट धरावा. २५५चा सोळावा हिस्सा, १५. आणि 'जेएस'ची जुनी वाट जुळवणी नसताना मध्य कसा धरते, तर किमान आणि कमाल यांची बेरीज भागिले दोन. म्हणजे १२७.

ती ओळ वाचता आली याचं मोल मला मोठं वाटतं. बंद पेटीतल्या यंत्रात हा निर्णय कुणीतरी कुठेतरी घेतलेला असतो आणि वापरणाऱ्याला फक्त परिणाम भोगावा लागतो. इथे निर्णय दिसतो. तो कुणा वाईट माणसाचा नव्हता. हजारो तऱ्हेच्या काठ्यांसाठी काहीतरी एक आकडा धरणं भाग होतं, आणि बहुतेक हातांना तो चालतो.

भाच्याने ठरवलं की मुलीच्या हाताला जास्त मोकळीक लागणार. त्याने प्रोग्रॅममध्ये फ्लॅटचं गणित घातलं आणि पट्टा वाढवला. १५चे ५० केले. कर्सर डावीकडे सरकायचा थांबला, पण वर जातच राहिला. ७० केले. आता तो पूर्ण थांबला. भाच्याने सुस्कारा सोडला. मुलीने काठी हलवायला सुरुवात केली. कर्सर डावीकडे गेला. वर गेला. उजवीकडे आणि खाली मात्र काही केल्या येईना. एकदा कोपऱ्यात गेला की गेला.

"हिचा हात अजून तयार नाही," तो मामींना म्हणाला. "आधी थोडा सराव द्यायला हवा. काठी मधे धरायचा."

मामी काही बोलल्या नाहीत. त्या वर्षानुवर्षं हे वाक्य ऐकत आल्या होत्या. चमचा, पेन्सिल, खुर्ची, पायरी, प्रत्येक गोष्टीच्या वेळी कुणीतरी म्हटलेलं होतं की मूल अजून तयार नाही. मुलीने एक शब्द काढायला सुरुवात केली होती. भाचा वायर गुंडाळायला लागला तरी मामी तिच्याकडे पाहत थांबल्या. शेवटी तो शब्द आला: "इथंच."

"काय इथंच?" भाच्याने विचारलं.

"हात. इथंच... असतो."

त्याच दिवशी मामा शाळेत आले होते. पोषण आहाराच्या धान्याचा काटा अडकत होता. स्वयंपाकघरातलं काम उरकून, हात पुसत ते वर्गाच्या दारात उभे राहिले. भाच्याने सगळं सांगितलं: १२७, १५, ५०, ७०. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "रिकाम्या पारड्याचं बघितलंस का?"

"म्हणजे?"

"काटा आला की मी आधी वजन टाकत नाही. पारडी रिकामी ठेवतो आणि काटा कुठं थांबतो ते बघतो. एक पारडं जड असतंच. म्हणून काय तो काटा खोटा होत नाही. पासंग किती ते आधी कळायला पाहिजे. तू कुणाचं रिकामं पारडं बघितलंस?"

भाचा म्हणाला, "काठीचं. सोडली की १२७वर येते."

"काठी सोडून देऊन वापरणार आहे का ती?"

इथे भाचा गप्प झाला. जेएसकॅलने त्याला सांगितलं होतं, काठीला हात लावू नका. त्याने लावला नव्हता. पुढे टोकं दाखवताना लावला, तो स्वतःचा. तिचा हात या सगळ्या मोजमापात कुठेच नव्हता. मला विचाराल तर अशा मुलांसाठी यंत्र लावून देणाऱ्यांची पहिली चूक जवळजवळ नेहमी हीच असते: ते आपल्या हाताने यंत्र चालवून पाहतात आणि चाललं की निघून जातात. पुण्यामुंबईच्या मोठ्या केंद्रांत असो की तालुक्याच्या शाळेत, कपाटात न वापरलेली उपकरणं पडून असतात ती पुष्कळदा यामुळे. ती बिघडलेली नसतात. त्यांना हाताचं माप कुणी दिलेलं नसतं.

भाच्याने नोंद घेणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. 'इव्हेंट' फाईलमधून येणारा प्रत्येक आकडा लिहून ठेवायचा, एवढंच. मामींनी मुलीला काठी हातात देऊन गोष्ट वाचून दाखवली, म्हणजे तिचं लक्ष हातावर राहू नये. गोष्ट संपल्यावर भाच्याने सरासरी काढली. आडव्या अक्षावर १०३ आली. त्याने पट्टा परत १५वर आणला आणि १०३ हा मध्य धरून प्रोग्रॅम चालवला. कर्सर पुन्हा डावीकडे निघाला, फक्त जरा सावकाश.

आता तो खरोखर गोंधळला. मोजमाप घेतलं होतं, तिचंच घेतलं होतं, तरी चुकत होतं.

मामा बाकावर बसले होते. म्हणाले, "तुझं यंत्र लिहितं कधी?"

"काठी हलली की."

"आणि हात थांबलेला असला की?"

"तेव्हा काही येत नाही. आकडा बदलला तरच कर्नल..." बोलता बोलता तो थांबला.

आकडा बदलला तरच कर्नल बातमी देतं. तोच आकडा पुन्हा आला तर तो पुढे पाठवतच नाही. उगाच काम वाढू नये म्हणून. खेळासाठी हे योग्यच आहे. पण भाच्याच्या नोंदवहीत त्यामुळे काय उतरलं होतं? झटके. हात उजवीकडे उडाला की एका क्षणात वीस-पंचवीस आकडे, परत येताना आणखी तितकेच. आणि हात जिथे शांतपणे टेकलेला होता त्या सगळ्या वेळाचा एकही नाही. त्याने तिच्या झटक्यांची सरासरी काढली होती. विसावलेल्या हाताने काही म्हटलंच नव्हतं, म्हणून तो हिशेबात आला नव्हता.

त्याने प्रोग्रॅम बदलला. आता बातमी येवो न येवो, घड्याळाच्या ठरावीक ठोक्याला काठी कुठे आहे ते विचारायचं आणि लिहायचं. मामींनी दुसरी गोष्ट वाचली. मुलीने स्वतःच मागितली होती, लांबलचक होती. या वेळी कागदावर आकड्यांचा एक दाट ढीग दिसला. आडव्या अक्षावर ८४च्या आसपास, उभ्या अक्षावर ६१च्या. झटके होते, पण त्या ढिगापुढे विरळ. तिचा हात अस्थिर नव्हता. तो एका जागी नेमाने परत येत होता. ती जागा यंत्राच्या मध्याहून डावीकडे आणि पुढे होती, इतकंच.

मग तिला चारी दिशांना हात जाईल तिथवर न्यायला सांगितलं. डावीकडे ३०पर्यंत, उजवीकडे १५०पर्यंत, पुढे २०पर्यंत, मागे ११०पर्यंत. भाच्याने हे आकडे कर्नलच्या मापाशेजारी लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मध्य १२७, फ्लॅट १५. म्हणजे उजवीकडे जायला काठी १४२च्या पुढे हवी. पूर्ण ताकद लावून ती १५०पर्यंत पोहोचत होती. खाली यायलाही १४२च्या पुढे हवी, आणि तिचा हात मागे ११०पर्यंतच येत होता. त्या मापात तिने कितीही सराव केला असता, वर्षभर केला असता, तरी कर्सर खाली आलाच नसता. आणि पट्टा ७० केल्यावर तर उजवीकडे जायला १९७च्या पुढे. मदत म्हणून वाढवलेल्या पट्ट्याने उरलीसुरली उजवी दिशाही पार बंद केली होती.

आधी आपण काय म्हणालो होतो ते त्याला आठवलं. तो मुलीजवळ गेला आणि म्हणाला, "तू सांगत होतीस ते बरोबर होतं. हात इथंच असतो." ती हसली.

पुढचं काम भराभर झालं. ८४ आणि ६१ हे शून्य. डावीकडचे ५४ आणि उजवीकडचे ६६, पुढचे ४१ आणि मागचे ४९, प्रत्येक बाजूला तिचा स्वतंत्र पल्ला, पण टोकाला पोहोचली की चारी बाजूंना वेग सारखाच. झटक्यांसाठी भाच्याने आधी फझ वाढवून पाहिला. फझ बारीक थरथर गिळतो. तिचे झटके त्याच्या कितीतरी पट मोठे, आणि फझ फार वाढवला तर मुद्दाम केलेली सावकाश हालचालही गिळली जाते. म्हणून तो सोडून दिला. झटका क्षणात येऊन जातो, मनातली हालचाल टिकते. शेवटच्या काही आकड्यांतला मधला आकडा घ्यायचा एवढं केल्यावर झटके आपोआप गळून पडले.

मामांनी काठी उघडली. मध्यावर खेचणारी स्प्रिंग त्या हाताला फार कडक होती. तिने दमून जावं असं काहीच कारण नव्हतं. त्यांनी आपल्या पेटीतून मऊ स्प्रिंग काढून बसवली. स्प्रिंग बदलली तशी हाताची विसाव्याची जागाही बदलली, म्हणून सगळं माप पुन्हा घ्यावं लागलं. काठीचा घोडा दाबणं तिला जमणार नव्हतं. मामांनी घोड्याच्या दोन तारा बाहेर काढून पायाखाली ठेवायच्या एका मोठ्या स्विचला जोडल्या. कॉम्प्युटरच्या लेखी तो घोडाच होता, क्रमांक २८८. दाबणारं बोट आहे की पाऊल, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. काठीचा तळ क्लॅम्पने तिच्या खुर्चीला बसवला.

कर्सर हलला. चारी दिशांना हलला.

भाच्याला आता काम कायमचं करून टाकायचं होतं. तिचे आकडे यूडेव्हच्या नियमाबरोबर बसवायचे, कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप लागू, कुणाला काही करायला नको. नीटनेटकं. त्याने तसं केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कर्सर पुन्हा डावीकडे सरकू लागला. तिच्या व्यायामाच्या आधी स्नायू जास्त ताठ असत, नंतर सैल. थंडीत वेगळं, झोप नीट झाली नसेल तर वेगळं. मामींना हे कधीचं ठाऊक होतं. भाच्याने विचारलं नव्हतं, आणि काठीशी त्याचा संबंध असेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

मामा म्हणाले, "सराफ सकाळी दुकान उघडलं की काटा शून्यावर आणतो. काल आणला होता म्हणून आज सोडत नाही."

"पण मग रोज कुणीतरी इथे पाहिजे," भाचा म्हणाला. "प्रोग्रॅम चालवायचा, नोंद घ्यायची, आकडे भरायचे. मामींना ते कसं जमणार?"

"सराफाच्या काट्याला मी रोज जातो का?"

भाच्याने बसून विचार केला. कर्नल कच्चा आकडा देतं आणि मध्य कुठे धरायचा ते वरच्या प्रोग्रॅमवर सोडतं. त्याने तो निर्णय आपल्या प्रोग्रॅममध्ये घेतला होता, मग तिथून यूडेव्हबरोबर पक्का करून टाकला होता. त्याला हलवत न्यायला हवा होता तो उलट दिशेला, आणखी वर, तिच्यापर्यंत.

त्याने आकडे नियमांमधून काढून टाकले. पायाखालचा स्विच थोडा वेळ दाबून धरला की प्रोग्रॅम थांबायचा, एक बारीक टिक वाजायची, तेवढ्या वेळात हात जिथे टेकला असेल तो मध्य, पुन्हा टिक. कॉम्प्युटरला हात लावायला नको, मामींना बोलवायला नको. पल्ला मध्याबरोबर सरकायचा आणि दिवसभरात तिने खरोखर जिथवर हात नेला त्यावरून हळूहळू सुधारायचा. प्रत्येक मुलाची फाईल वेगळी, कारण तोवर वर्गातला एक मुलगा काठीकडे टक लावून बघू लागला होता, आणि त्याचा हात उजवीकडे खाली टेकत असे.

मुलीने पहिल्याच दिवशी स्विच इतक्यांदा दाबून धरला की भाच्याला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलं नव्हतं. ती हात वेगवेगळ्या जागी ठेवून पाहत होती आणि दर वेळी ती जागा मध्य होत होती. दुपारी तिला कळलं की कोपर खुर्चीच्या हाताला टेकवून मध्य घेतला तर उजवीकडे जायला सर्वांत कमी त्रास होतो. ती जागा भाच्याच्या कुठल्याच नोंदीत नव्हती.

पडद्यावर मोठ्या अक्षरांचा मराठी कीबोर्ड लावला. मामींची इच्छा होती की तिने पहिलं आपलं नाव लिहावं, आईला बोलवावं, फोटो काढावा. मुलीने मान हलवली. ती दुसरंच काही लिहीत होती आणि मधे कुणी बोललेलं तिला नको होतं. वर्गातली मुलं डबे खाऊन आली, घंटा झाली, तरी तिचं चाललं होतं. अक्षर चुकलं तर ती खोडायची, काना राहिला तर मागे जायची. शेवटी स्विच दाबून तिने भाच्याकडे पाहिलं. पडद्यावर होतं:

दादा बाण फार हळू आहे. वाढव.

भाच्याने प्रोग्रॅम उघडून वेग वाढवला, थोडासाच. जास्त वाढवला तर तिच्या ताब्यात राहणार नाही असं त्याला वाटलं. तिने बाण फिरवून पाहिला आणि लिहिलं: अजून. त्याने आणखी थोडा वाढवला. तिने परत तेच लिहिलं. मग तो आकडा त्याने प्रोग्रॅममधून काढून पडद्याच्या कडेला एक पट्टी म्हणून ठेवला, तिच्या बाणाला धरता येईल इतकी जाड. तिने पट्टी पकडली आणि भाच्याला जितका वेग बरा वाटला असता त्याच्या दुपटीहून पुढे नेऊन सोडली. पुढचं अक्षर गाठताना बाण दोनदा पलीकडे गेला. तिसऱ्यांदा बसला. पट्टीकडे ती परत गेली नाही. तिला अजून बरंच लिहायचं होतं.